चारशे ऐंशी घोड्यांचा युक्तिवाद

अमेरिकेत नोकरीला तीन-चार वर्षं झाली, शिक्षणाचं कर्ज फिटत आलं, की आपल्या मराठी मुलामुलींना हौसेची गाडी खुणावू लागते. पहिली गाडी वापरलेली कोरोला नाहीतर सिव्हिक असते, गरजेपुरती. आता दोन दारांची, हाताने गिअर टाकायची, चालवताना मजा येईल अशी गाडी हवी असते. अशा वेळी मित्रांच्या घरच्या जेवणावळीत आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये एकच सल्ला ऐकू येतो: फोर्ड मस्टँग जीटी घे. पाच लिटरचं व्ही-एट इंजिन, ४८० हॉर्सपॉवर; एवढ्या पैशांत एवढी ताकद कोण देतं? कुणी चुकून माझदा मियाटाचं नाव काढलं तर उत्तर तयार असतं. ती खेळण्यातली गाडी आहे. तिच्यात निम्मीसुद्धा ताकद नाही, मागे सीट नाही, डिकीत एक बॅग मावत नाही, ट्रकने धडक दिली तर चेपून जाशील. आणि शेवटी हळू आवाजात, हसत हसत: ती बायकांची गाडी आहे.

या सल्ल्यातला काही भाग चुकीचा आहे, काही अर्धवट आहे आणि शेवटचा भाग लाजिरवाणा आहे. तो इतक्या खात्रीने दिला जातो, आणि त्यापायी पाच-सहा वर्षांचे हप्ते डोक्यावर बसतात, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणं भाग आहे. माझं म्हणणं साधं आहे. सार्वजनिक रस्त्यावर, कायद्याच्या वेगमर्यादेत, चालवण्याच्या आनंदासाठी गाडी घ्यायची असेल तर ती लहान आणि हलकीच घ्यावी. गाडीत ताकद किती आहे याला फारसा अर्थ नाही. त्यातली किती तुमच्या वाट्याला येते, हे महत्त्वाचं.

आकड्यांपासूनच सुरुवात करू, कारण समोरची बाजू आकड्यांवरच उभी आहे. सध्याची मस्टँग जीटी ४८० हॉर्सपॉवरची, वजन पावणेअठराशे किलोच्या आसपास. अमेरिकेत मिळणारी मियाटा दोन लिटर इंजिनाची, १८१ हॉर्सपॉवरची, वजन साधारण १,०६० किलो. म्हणजे टनामागे मस्टँगकडे २७० हॉर्सपॉवर आणि मियाटाकडे १७०. वजनाचा हिशेब धरूनही मस्टँग पुढेच राहते, हे मान्य. पण ही आघाडी रस्त्यावर उतरते तेव्हा तिचं काय होतं? थांबलेल्या गाडीला ताशी ६० मैल गाठायला मस्टँगमध्ये चार सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो, मियाटात सहाहून थोडा कमी. फरक दोन सेकंदांचाही नाही. अमेरिकेतल्या बहुतेक महामार्गांवर मर्यादा ६५-७० मैलांची असते. रॅम्प मोकळा मिळाला की मस्टँगवाला चार-पाच सेकंद पाय पूर्ण दाबू शकतो. मग पाय उचलावाच लागतो. त्यानंतर सपाट रस्त्यावर ताशी ७० मैलांनी जात राहायला एवढ्या गाडीला वीस-पंचवीस हॉर्सपॉवर पुरतात. बाकीची साडेचारशे बॉनेटखाली बसून असतात. त्यांचे हप्ते मात्र चालू राहतात, पेट्रोल जळत राहतं आणि त्यांना पेलणारं वजन प्रत्येक वळणावर सोबत येतं. ‘डॉलरमागे सर्वाधिक हॉर्सपॉवर’ हा हिशेब म्हणजे जी वस्तू वापरताच येत नाही तिचा स्वस्त भाव सांगण्यासारखं आहे.

आता सरळ रस्ता सोडून वळणावर येऊ, कारण हौसेने गाडी चालवणारा माणूस रविवारी सकाळी तिथेच जातो. लॉस एंजेलिसकर एंजेलिस क्रेस्टच्या रस्त्याने डोंगरात चढतात. बे एरियातली मंडळी स्कायलाइन बुलेव्हार्ड धरतात किंवा रेडवुडच्या झाडांतून ला होंडाकडे उतरतात. नॉर्थ कॅरोलिना आणि टेनेसीच्या सीमेवर डील्स गॅपचा रस्ता आहे. ११ मैलांत ३१८ वळणं असलेला म्हणून तो देशभर ओळखला जातो, आणि तिथली वेगमर्यादा ताशी ३० मैल आहे. ३० मैल! त्या रस्त्यावर ४८० हॉर्सपॉवरचं काय करायचं, हे मला कुणी समजावून सांगावं. तिथे लागतं ते वेगळंच असतं: ब्रेक दाबल्यावर पुढच्या चाकांवर वजन किती आलं हे हातांना कळणं, स्टिअरिंग एवढंसं वळवलं तरी गाडीचं तोंड लगेच फिरणं, वळण संपताना उजवा पाय निर्धास्त दाबता येणं. हलक्या गाडीत हे सगळं ३० मैलांनाही होतं. जड आणि ताकदवान गाडीत ते व्हायला वेग दुप्पट लागतो, आणि तो वेग त्या रस्त्यावर चालवायचा नसतो.

यामागचं कारण टायरमध्ये आहे. टायरवर भार वाढवला की त्याची पकड वाढते, पण भाराच्या प्रमाणात वाढत नाही, मागे पडते. दुप्पट भार टाकला तर दुप्पट पकड मिळत नाही. म्हणून जड गाडीला रुंद टायर लागतात. मियाटाचे टायर १९५ किंवा २०५ मिलिमीटर रुंदीचे. मस्टँग जीटीला परफॉर्मन्स पॅकमध्ये पुढे २५५ आणि मागे २७५. रुंद टायरला मोठं चाक, मोठ्या चाकाआड मोठा ब्रेक, त्या सगळ्याला पेलणारे जाड सस्पेन्शनचे भाग, आणि या सगळ्याचं वजन पुन्हा गाडीवरच. टायर बदलायची वेळ आली की हे सगळं गणित बिलावर दिसतं. उलट दिशेला जाणाऱ्या अभियंत्याचं काम बघा. गाडी हलकी केली की लहान ब्रेक पुरतो, लहान ब्रेकला लहान चाक चालतं, लहान चाकाला हलकं सस्पेन्शन, आणि इंजिनही लहान पुरतं. वजन कमी करण्याचा फायदा चारही कोपऱ्यांना मिळतो आणि तो प्रत्येक क्षणी मिळतो. ताकद वाढवण्याचा फायदा पाय पूर्ण दाबला तरच.

इथे माझ्या बाजूच्या लोकांनाही एक गोष्ट सुनवायला हवी. ‘मस्टँग वळतच नाही’ हे टोमणे आता बंद करावेत. २०१५ सालच्या मॉडेलपासून प्रत्येक मस्टँगला मागेही स्वतंत्र सस्पेन्शन आहे. त्याआधीचा, दोन्ही चाकं एकाच दांड्याने जोडलेला अ‍ॅक्सल गेला. वर्तुळात फिरवून पकड मोजली तर आजची मस्टँग मियाटाच्या बरोबरीला येते, चांगल्या टायरवर पुढेही जाते. शर्यतीच्या ट्रॅकवर फेरीच्या वेळेत ती मियाटाला सहज मागे टाकते. हे सगळं खरं असूनही माझं म्हणणं बदलत नाही. मस्टँगच्या पकडीची कड जिथे सुरू होते, तिथे वेग इतका असतो की चूक झाली तर ती दुरुस्त करायला समोर रस्ता उरत नाही. मियाटाची कड खालच्या वेगाला येते आणि ती येण्याआधी गाडी सांगते. अंग थोडं कलतं, स्टिअरिंग हातात हलकं होतं, मागचं टोक किंचित सरकतं आणि पाय जरा उचलला की पुन्हा जागेवर येतं. माणूस यातून गाडी चालवायला शिकतो. पकडीचे आकडे मोठे असणं आणि त्या पकडीपर्यंत चालकाला सुखरूप पोहोचता येणं, या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सल्ला देणारे पहिली सांगून दुसरी गृहीत धरतात.

मियाटा अशी आपोआप झाली नाही. १९७९ साली बॉब हॉल नावाचा अमेरिकी वाहन-पत्रकार माझदाच्या संशोधन विभागाचे प्रमुख केनिची यामामोतो यांना भेटला. यामामोतो म्हणजे माझदाचं रोटरी इंजिन यशस्वी करणाऱ्या पथकाचे नेते, पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले. हॉलने त्यांना सांगितलं की जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कार, उघड्या छताच्या, हलक्या, साध्या, आता कुणीच बनवत नाही. त्या तुम्ही बनवा. पुढे हॉल स्वतःच माझदात नोकरीला लागला. कंपनीत तीन आराखडे स्पर्धेला होते. टोकियोच्या मंडळींचे दोन, एकात पुढच्या चाकांना जोर आणि दुसऱ्यात इंजिन मध्यभागी. कॅलिफोर्नियाच्या स्टुडिओचा तिसरा, पुढे इंजिन आणि मागच्या चाकांना जोर. जिंकला तो तिसरा. तोशिहिको हिराई यांच्या पथकाने गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल अ‍ॅल्युमिनियमच्या एका लांब चौकटीने जोडला, म्हणजे पाय दाबताच मधली कुठलीही लवचिक जोडणी न झुलता जोर चाकांपर्यंत जावा. त्यांनी डोळ्यांसमोर ठेवलेली कल्पना जपानी घोडेस्वार तिरंदाजांकडून आलेली होती: घोडा आणि स्वार एकजीव. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती गाडी लोकांसमोर आली. १.६ लिटर इंजिन, ११६ हॉर्सपॉवर, वजन हजार किलोच्या आत.

त्यानंतरची गोष्ट मला सर्वांत जास्त महत्त्वाची वाटते. २०१४ साली तिची चौथी पिढी दाखवली तेव्हा पंचवीस वर्षं उलटली होती. एअरबॅग, स्टॅबिलिटी कंट्रोल, धडकेचे कडक नियम, सगळं आलं होतं. जगातल्या जवळजवळ प्रत्येक गाडीचं वजन या काळात फुगलं. माझदाच्या अभियंत्यांनी मात्र ग्रॅमग्रॅम मोजून नवी गाडी तिसऱ्या पिढीपेक्षा सुमारे शंभर किलो हलकी केली. एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी मियाटा तयार झाली. जगात इतक्या उघड्या छताच्या दोन-आसनी स्पोर्ट्स कार दुसऱ्या कुणी विकलेल्या नाहीत. ‘खेळणं’ म्हणणाऱ्यांनी सांगावं, इतकं काटेकोर काम कुठल्या खेळण्यासाठी होतं?

‘पण मस्टँग म्हणजे अमेरिका,’ असं मग म्हटलं जातं. या देशात राहायचं तर इथल्या वारशाची गाडी घे. वारसाच काढायचा तर नीट काढू. मस्टँग हे नाव लावलेली पहिली गाडी ऑक्टोबर १९६२ मध्ये वॉटकिन्स ग्लेनला लोकांनी पाहिली, आणि शर्यतपटू डॅन गर्नीने ती ट्रॅकवर फिरवली. तिच्यात दोनच आसनं होती, छत नव्हतं, इंजिन मध्यभागी होतं आणि ते फक्त दीड लिटरचं, चार सिलिंडरचं होतं. ती प्रयोगाचीच गाडी राहिली. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळाव्यात फोर्डच्या ली आयाकोका यांनी विकायची मस्टँग आणली, तीही फोर्ड फाल्कन या साध्या छोट्या गाडीच्या सांगाड्यावर, २,३६८ डॉलरला. त्या किमतीत सहा सिलिंडरचं छोटं इंजिन मिळायचं, सुमारे शंभर हॉर्सपॉवरचं. वजन साडेअकराशे किलोच्या आसपास. आजच्या मियाटापासून हे वजन शंभरेक किलोंवर आहे. आजच्या मस्टँगपासून सहाशे किलोंवर. दोन वर्षांच्या आत दहा लाखांहून अधिक अमेरिकनांनी घेतलेली मस्टँग ही होती. व्ही-एटही मिळायचं आणि पुष्कळांनी ते घेतलं, पण गाडीची कल्पना होती ती तरुणांना परवडणारी, हलकी, देखणी दोन दारांची गाडी. पुढे ती दरवर्षी लांब, रुंद, जड होत गेली. इतकी, की १९७४ च्या मॉडेलसाठी आयाकोकांनीच तिला पुन्हा लहान केलं. त्या मस्टँग-टूमध्ये पहिल्या वर्षी व्ही-एट इंजिन मिळतच नव्हतं, तरी सुमारे ३,८५,००० गाड्या विकल्या गेल्या. चालवायला ती सुमार होती, ते मी झाकणार नाही. लहान असली म्हणून गाडी आपोआप चांगली होत नाही. तिच्यासाठी कुणीतरी हिराईंसारखं बसावं लागतं.

मसल कार म्हणून ज्या परंपरेचा अभिमान सांगतात ती दुसरीच, त्याच १९६४ सालच्या पाँटिअ‍ॅक जीटीओपासून सुरू झालेली. मधल्या आकाराच्या गाडीत किती मोठं इंजिन घालायचं यावर जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता. पाँटिअ‍ॅकच्या जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८९ घनइंचांचं इंजिन पर्याय म्हणून यादीत टाकून तो नियम वळसा घालून चुकवला. धाडस होतं, मान्य. पण तेव्हापासून या गाड्या आकड्यावर विकल्या गेल्या, आणि तो आकडा कधीच फारसा विश्वासाचा नव्हता. १९७२ पूर्वी हॉर्सपॉवर मोजायची ती इंजिन गाडीबाहेर काढून, अल्टरनेटर, एअर क्लीनर आणि गाडीचा खरा सायलेन्सर न लावता. शिवाय काही प्रचंड इंजिनांचे आकडे विमा कंपन्या बिथरू नयेत म्हणून मुद्दाम कमी छापले जात. मोजण्याची पद्धत बदलली, तोच प्रदूषणाचे नियम आले, आणि कागदावरचे घोडे एका हंगामात गळून पडले. नंतर तेलाच्या तुटवड्याने १९७३ मध्ये उरलंसुरलं संपवलं. अलीकडे तीच स्पर्धा परत आली होती: डॉज चॅलेंजर हेलकॅट ७०७ वर, डीमन ८४० वर, आणि २०२३ ची शेवटची डीमन विशिष्ट इंधनावर १,०२५ वर. सरळ पट्टीवर पाव मैल कापण्यासाठी ती यंत्रं उत्तम आहेत. त्या पट्टीवर जाऊन चालवणाऱ्यांशी माझं काहीच भांडण नाही. शाळेसमोरून, सुपरमार्केटच्या पार्किंगमधून ती चालवायचा सल्ला देणाऱ्यांशी आहे.

यातूनच सुरक्षेचा मुद्दा येतो, आणि तो सर्वांत गंभीर आहे. दोन वाहनांची धडक झाली तर जड वाहनातल्या माणसाला फायदा असतो. हे भौतिकशास्त्र आहे, आणि मियाटाचा कुठलाही चाहता ते नाकारू शकत नाही. पण मस्टँग घेणाऱ्याला त्या वजनाने वाचवलं का? अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने २०२३ मध्ये २०२० सालच्या मॉडेलांच्या चालकांचे मृत्युदर प्रसिद्ध केले. सर्वांत वाईट यादीत लहान स्वस्त गाड्या होत्या, तशाच कॅमारो, चॅलेंजर, चार्जर आणि मस्टँगही होत्या. या गाड्यांच्या आकारावरून आणि वजनावरून जेवढा दर अपेक्षित होता त्याहून तो बराच जास्त होता, आणि संस्थेने त्याचं कारण त्या चालवल्या कशा जातात यात पाहिलं. मोठ्या इंजिनाची चार्जर तर समोरच्या वाहनातल्या चालकाच्या मृत्यूच्या यादीतही वर होती. ज्या वजनाला तुम्ही कवच म्हणता, ते दुसऱ्या कुणाच्या तरी दारावर जाऊन आदळतं. मस्टँगच्या अपघातांच्या चित्रफिती आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत: गाड्यांचा मेळावा संपला, बाहेर पडताना लोकांना आवाज ऐकवायचा म्हणून पाय दाबला, थंड टायर सुटले, गाडीचं मागचं टोक फिरलं आणि गाडी कडेला उभ्या लोकांकडे गेली. पहिल्यांदाच मागच्या चाकांना जोर असलेली गाडी घेणाऱ्या पंचविशीतल्या मुलाला ४८० हॉर्सपॉवर देणं मला कुठल्याच अर्थाने सुरक्षित वाटत नाही.

‘बायकांची गाडी’ हे वाक्य खरं म्हणजे युक्तिवादच नाही, पण ते इतक्यांदा कानावर येतं की गप्प बसणं म्हणजे मान्यता देणं होईल. अमेरिकेत त्याची परंपरा जुनी आहे, आणि आपल्या मुलांनी ती इंग्रजीतून जशीच्या तशी उचलली. स्पेक मियाटा हा अमेरिकेतल्या हौशी शर्यतींचा फार मोठा वर्ग आहे; देशभरातल्या ट्रॅकवर सगळ्या जवळपास सारख्याच मियाटा, पत्र्याला पत्रा घासत, शनिवार-रविवारी धावतात. तिथे जिंकायला ताकद उपयोगाची नसते, कारण ती सगळ्यांकडे सारखीच असते. चालकाचं कसब तेवढं उरतं. स्त्रिया उत्तम गाडी निवडत असतील तर त्यांची निवड योग्य आहे. एखाद्या गाडीची किंमत स्त्रिया ती चालवतात म्हणून कमी होते, असं मानणाऱ्या माणसाचा गाड्यांबद्दलचा सल्ला मी तरी घेणार नाही, आणि दुसऱ्याबद्दलचाही नाही.

मियाटाविरुद्धच्या ज्या तक्रारी खऱ्या आहेत त्या मोकळेपणाने मान्य करते. उंची सहा फुटांच्या वर असेल तर आधी बसून पाहा. गुडघे आणि डोकं दोन्ही अडकू शकतात. डिकी सुमारे १३० लिटरची; भारतातून आईवडील आले तर त्यांना विमानतळावरून आणायला ही गाडी चालणार नाही. पण मस्टँगची मागची सीट दाखवून जो फायदा सांगतात तो मोठ्या माणसाला मागे बसवून एकदा तपासावा. घरात दुसरी गाडी नसेल आणि मूल असेल, तर यातली कुठलीच घेऊ नये. आणि आवाज. त्या व्ही-एटच्या क्रँकची रचनाच अशी आहे की एकेका बाजूच्या सिलिंडरांचे स्फोट समान अंतराने होत नाहीत; त्यामुळे तो खोल, अडखळत गुरगुरणारा नाद येतो. मी तो ऐकून रस्त्यात थांबलेली आहे. केवळ त्या आवाजासाठी कुणी मस्टँग घेत असेल, तर माझ्याकडे त्याला उत्तर नाही, आणि त्याने ते प्रामाणिकपणे सांगितलं तर मला आदरच वाटेल. तक्रार आहे ती त्याच आवाजाला ‘व्यवहार’ आणि ‘सुरक्षितता’ म्हणून खपवण्याची.

अलीकडे या सल्ल्याला घाईचीही जोड मिळाली आहे. कॅमारो आणि चॅलेंजरचं उत्पादन डिसेंबर २०२३ मध्ये संपलं. आता व्ही-एटची दोन दारांची परवडणारी अमेरिकी गाडी म्हणजे मस्टँगच, तीही जाईल, म्हणून आत्ता घे. संपत चाललेली वस्तू म्हणून काहीही विकता येतं. तसं पाहिलं तर तीन हजार पौंडांपेक्षा हलक्या, हाताने गिअर टाकायच्या, उघड्या छताच्या, मागच्या चाकांना जोर असलेल्या नव्या गाड्या अमेरिकेत आज किती उरल्या आहेत? दुर्मीळतेचाच निकष लावायचा असेल तर तो दोन्ही बाजूंना लावा.

महाराष्ट्रात हा वाद त्याच रूपात येत नाही. माझदा इथे गाड्या विकत नाही. मस्टँग मात्र २०१६ मध्ये अधिकृतपणे आली, किंमत सुमारे ६५ लाख, आणि मुंबईच्या रस्त्यांवर ती काही जणांनी मिरवली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची मर्यादा ताशी १०० किलोमीटर. तिथेही तोच प्रश्न उभा राहतो. ताम्हिणी किंवा आंबोलीच्या घाटात लहान गाडीवर चालवायला शिकलेल्या माणसाला माझं म्हणणं कदाचित लवकर पटेल, कारण तिथे गिअर कधी टाकायचा आणि ब्रेक कधी सोडायचा यावरच सगळा खेळ असतो.

आता पैशांचं. नवी मियाटा तीस हजार डॉलरच्या आसपास सुरू होते, मस्टँग जीटी चाळीस हजारांच्या बरीच वर. पेट्रोलचा सरकारी हिशेब मियाटाला गॅलनमागे सरासरी २९ मैल देतो, मस्टँग जीटीला १७-१८. विमा आणि टायर वेगळे. दहा-बारा हजार डॉलर शिल्लक राहतात, आणि ते कुठे जावेत हेही सांगते. पहिल्या वर्षी गाडीत काहीही बदलू नका. तुमच्या भागातल्या स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाच्या शाखेत नाव नोंदवा. मोकळ्या पार्किंगमध्ये शंकू मांडून ऑटोक्रॉस घेतात, दिवसाचा खर्च किरकोळ असतो, हेल्मेट बहुधा तिथेच मिळतं, आणि नवख्याला शेजारी बसून शिकवणारा कुणीतरी असतो. नवी घेणं परवडत नसेल तर २००६ ते २०१५ मधली तिसरी पिढी वापरलेली पाहा; ती चौथीपेक्षा जड आहे, पण आत जागा थोडी जास्त आहे. मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्क अशा बर्फावर मीठ टाकणाऱ्या राज्यातली असेल तर खरेदीआधी लिफ्टवर चढवून खालून तपासा. त्याहून जुनी घेत असाल तर मागच्या चाकांच्या पुढचा, दाराखालचा पत्रा बोटाने दाबून पाहा. छताचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबल्या की पाणी तिथेच साचतं आणि गंज आतून सुरू होतो, बाहेरचा रंग शाबूत असताना. तिथे पत्रा दबला तर विकणारा कितीही गोड बोलला तरी पुढची गाडी बघा. बाजारात मियाटा भरपूर आहेत.